जुनी बंद बॉडीची टाटा ४०७ संस्थेला दान द्यायची आहे: नावांतर, कर आणि प्रत्यक्ष उपयोग यांविषयी सल्ला हवा

चांदूरबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१३ साली घेतलेली टाटा ४०७ आहे. तिच्यावर लोखंडी पत्र्याची बंद बॉडी बांधलेली आहे. वडील ती भाड्याने चालवत असत. अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्यांचा किराणा माल परतवाडा, अचलपूर, मोर्शी आणि वरूडकडच्या दुकानदारांपर्यंत पोचवणे हे तिचे रोजचे काम होते. वडिलांचे वय आता ७४ आहे, मी नोकरीत आहे आणि धाकटा भाऊ संत्र्याच्या बागेत गुंतलेला असतो, त्यामुळे गाडी चालवणारे घरात कोणी उरलेले नाही. एका दलालाने सव्वादोन लाख रुपये देऊ केले होते. परंतु वडिलांचा आग्रह असा की ही गाडी विकायची नाही, ती एखाद्या चांगल्या संस्थेच्या कामी आली पाहिजे.

आमच्यासमोर सध्या तीन सूचना आहेत. जवळच्या गावातील गोरक्षण संस्थेला ती चारा आणण्यासाठी हवी आहे. गावातील मंडळींचे म्हणणे असे की मागची बॉडी बदलून तिचा वैकुंठरथ करावा, आणि जमल्यास तीच गाडी रुग्णवाहिका म्हणूनही वापरावी. तिसरी सूचना धारणी तालुक्यात आदिवासी मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाची आहे; त्यांचा माल परतवाड्याहून येतो आणि दरवेळी भाड्याची गाडी शोधावी लागते.

गाडी चालू स्थितीत आहे, पासिंग (फिटनेस प्रमाणपत्र) अजून काही महिने शिल्लक आहे आणि विमा चालू आहे. बँकेचे कर्ज कधीच फिटले, परंतु आरसी बुकावर बँकेचे नाव तसेच आहे. दोन ई-चलान थकलेली दिसतात. नावांतर कसे करावे, दान दिल्यावर वडिलांना प्राप्तिकरात काही सवलत मिळते का, आणि या तिघांपैकी कोणाला गाडीचा खरा उपयोग होईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पासिंगवाला

नमस्कार. परिवहन कार्यालयाच्या कागदपत्रांची कामे मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे, म्हणून त्या बाजूपुरते सांगतो.

दान असो की विक्री, मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ते मालकीचे हस्तांतरण आहे आणि त्याला १९८८ च्या कायद्याचे कलम ५० लागू होते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. एकाच राज्यातील हस्तांतरणाची सूचना देणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या बाजूचा अर्ज करायचा असतो. संस्था चांगल्या हेतूने चाललेली असली तरी तिथला एखादा कार्यकर्ता "आधी गाडी द्या, कागद सावकाश करू" असे म्हणतो आणि दात्याला नाही म्हणणे जड जाते. आपण मात्र नाहीच म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे की अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्याचे नाव असेल तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि गाडी मध्ये कितीही हात बदलून गेली असली तरी नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहते. धारणीच्या घाटात काही बरेवाईट झाले आणि आरसी बुक आपल्या वडिलांच्या नावावर असले, तर नोटीस चांदूर बाजारला येईल.

सुरुवात बँकेच्या बोजापासून करावी. कर्ज फिटले म्हणून आरसीवरील नोंद आपोआप निघत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेची सही-शिक्का असलेला नमुना ३५ देऊन ती उतरवून घ्यावी लागते. शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुनी कर्ज-फाईल शोधण्यात वेळ जातो, म्हणून हे काम आजच सुरू करा. चलाने भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, तेही पाहा, नाहीतर पुढची कामे अडतात. पर्यावरण कर भरल्याची पावती फाईलला असू द्या.

आपली गाडी एमएच-२७ म्हणजे अमरावतीच्या नोंदणीची असावी. चांदूर बाजार आणि धारणी हे दोन्ही तालुके अमरावती जिल्ह्यातच असल्यामुळे नमुना २८ च्या ना-हरकत प्रमाणपत्राची भानगड येथे उद्भवत नाही. हीच गाडी चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडे द्यायची असती तर ते लागले असते. मालवाहतुकीचा परवाना मात्र गाडीबरोबर आपोआप जात नाही. तीन हजार किलोंपेक्षा अधिक सकल वजनाच्या (गाडी आणि माल मिळून) मालवाहू गाडीला परवाना आवश्यक आहे, आणि तो दुसऱ्याच्या नावे करण्यास कलम ८२ प्रमाणे प्राधिकरणाची परवानगी लागते. संस्था स्वतःचाच माल नेणार असली तरी हे चुकत नाही.

एक बारीक गोष्ट. नमुन्यावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. बारा वर्षे आपल्या भागात फिरलेल्या गाडीच्या चेसिसवर ग्रीस आणि काळी माती मिळून असा थर बसतो की अंक दिसतच नाहीत. लोखंडी पट्टी किंवा पाना घेऊन तो खरवडू नये. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या ब्रशने सावकाश पुसावे, कोरडे होऊ द्यावे, मग कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी. अंक खराब झाला किंवा अर्धवट उठला, तर तपासणीत विनाकारण प्रश्न विचारले जातात.

लेखाजोखा

कराविषयी स्पष्ट सांगतो, कारण येथे फार गैरसमज आहेत.

देणगीवर मिळणारी, आपण सर्व जण ८०-जी म्हणून ओळखतो ती वजावट फक्त पैशाच्या रूपातील देणगीला मिळते. गाडी, धान्य, कपडे, यंत्रसामग्री अशा वस्तुरूप दानाला ती मिळत नाही. संस्थेने गाडीची किंमत लिहून पावती दिली तरी त्या पावतीचा विवरणपत्रात उपयोग नाही, आणि कोणी "आम्ही तीन लाखांची पावती देतो" असे सुचवले, तर त्या संस्थेपासून दूर राहणे श्रेयस्कर.

मग गाडी विकून पैसे दिले तर? वजावट मिळू शकते, पण वडिलांनी जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ती नाही. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी लागेल, कारण दोन हजारांवरील रोख देणगी चालत नाही, आणि संस्थेकडून देणगीचे विहित प्रमाणपत्र घ्यावे लागेल. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम वजा होते आणि पात्र देणगीलाही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. समजा, करपात्र उत्पन्न आठ लाख आहे. सव्वादोन लाख दिले तरी पात्र धरले जातील ते ८०,००० आणि वजावट मिळेल ४०,०००. वीस टक्क्यांच्या टप्प्यात प्रत्यक्ष बचत आठ हजार आणि वर थोडा उपकर, एवढीच. संत्र्याचे उत्पन्न शेतीचे असल्याने ते मुळात करमुक्त आहे. तेव्हा आपल्या घरी ही बचत याहूनही कमी असण्याचा संभव आहे.

दुसरी बाजूही पाहावी. भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीवर वर्षाला ३० टक्के घसारा धरला जातो. वडील ४४-एई खाली दरमहा ७,५०० रुपये अंदाजित उत्पन्न दाखवत असतील, तरी घसारा दिला गेला असेच कायदा मानतो. बारा वर्षांनंतर वहीतील किंमत नाममात्र उरते, त्यामुळे विक्रीतून आलेले सव्वादोन लाख जवळजवळ सगळेच अल्पकालीन भांडवली नफा ठरतात. दान दिल्यास विक्रीची किंमतच नसल्यामुळे व्यक्तीच्या बाबतीत तो नफा उद्भवत नाही. थोडक्यात, कर हे या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही, ना या बाजूने ना त्या बाजूने. वडिलांची जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदीच्या वेळी कराची परत-जमा (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतलेली असेल, तर मात्र मोबदला न घेता दिलेल्या गाडीवरही कर लागू शकतो. ते आपल्या सल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावे.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील एक कलम आपल्या उपयोगाचे आहे. जंगम वस्तूचे दान ताबा देऊनही पूर्ण होते, त्यासाठी दानपत्राची नोंदणी सक्तीची नाही. परंतु दानाचा स्वीकार दात्याच्या हयातीत आणि त्याची देण्याची क्षमता असताना झालेला असला पाहिजे. म्हणून साध्या दानपत्राबरोबर संस्थेच्या विश्वस्तांचा स्वीकाराचा ठराव त्याच आठवड्यात मागून घ्या. वडिलांचे वय लक्षात घेता हे लांबवू नये. पुढे वारसांच्या नावे नमुना ३१ भरून मग पुन्हा २९ आणि ३० करत बसणे हा दुहेरी त्रास आहे.

काळीमाती

गोरक्षणाचा विचार सोडून द्यावा, असे मला वाटते. संस्था चांगली असेल, पण गाडीच त्या कामाची नाही. आमच्याकडे हरभरा आणि तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) निघते तेव्हा ते वजनाने हलके आणि आकाराने अवाढव्य असते. त्याला उघडा हौदा लागतो, वरून दाबून भरावे लागते आणि दोर आवळून ताडपत्री बांधावी लागते. बंद डब्यात मागच्या दारातून कुटार भरणाऱ्या माणसाची काय अवस्था होते, हे ज्याने केले त्यालाच विचारावे. सरकी ढेपीची पोती नेता येतील, पण तेवढ्यासाठी वर्षभर गाडी पोसणे गोरक्षणाला परवडणार नाही. डबा कापून हौदा बांधायचा तर त्याचा खर्च वेगळा, आणि गाडीत बदल करण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची परवानगी वेगळी.

मेळघाट-मुक्काम

मी धारणी भागातील एका लहान संस्थेचा हिशेब आणि भांडार पाहतो. आपण म्हणता ती संस्था आमची नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आधी रुग्णवाहिका आणि वैकुंठरथाचे. रुग्णवाहिकेच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे मानक ठरलेले आहे; रुग्णकक्षाची मापे, स्ट्रेचरची जागा, प्राणवायूची सोय, दिवे आणि रंग यांपासून सर्व गोष्टी त्यात सांगितलेल्या आहेत. माल वाहण्यासाठी बनलेल्या चेसिसवर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बाक जोडून रुग्णवाहिका होत नाही. शिवाय ४०७ चे पाटे (स्प्रिंगा) दोन-अडीच टन मालासाठी असतात. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, आणि बाळंतपणाची बाई पांदण रस्त्यावरून त्या डब्यातून नेणे म्हणजे काय, याचा विचार गावातील मंडळींनी केलेला दिसत नाही. तशा वेळी १०८ किंवा १०२ ला फोन करणे हेच योग्य. आणि एकाच गाडीत सकाळी रुग्ण व संध्याकाळी प्रेत, ही कल्पना रुग्णाच्या नातेवाइकांना सांगून पाहावी, उत्तर लगेच मिळेल. नुसता वैकुंठरथ करता येतो, त्याला मंजुरी घेऊन बॉडीत बदल करावा लागेल. परंतु गाव लहान असेल तर गाडी महिन्याचे पंचवीस दिवस उभी राहील, आणि उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीची बॅटरी, टायर आणि ब्रेक चालत्या गाडीपेक्षा लवकर जातात.

आता वसतिगृहाचा विषय. तेल, डाळी, साबण, गाद्या, पुस्तके, औषधांची खोकी, हे सारे पावसात भिजू नये असे सामान आहे आणि मेळघाटात पाऊस कसा पडतो ते आपण जाणता. बंद बॉडी येथे खरोखर कामाची आहे. किराणा वाहून नेण्यासाठी बांधलेली गाडी पुन्हा किराणाच नेणार असेल, तर तिच्यात कोणताही बदल करावा लागत नाही, आणि माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक आहे. वाहन चालवण्यासाठीही अडचण येऊ नये. सकल वजन ७,५०० किलोंच्या आत असल्यास हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ते चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निश्चित केले आहे. तरी घाटात भरलेली ४०७ हाताळण्याची सवय असलेलाच माणूस असावा.

परंतु संस्थेला गाडी देण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून वर्षाच्या खर्चाचा कागद मांडा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीच्या नुसत्या तृतीयपक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या अधिसूचनेनुसार १६,०४९ रुपये होता, जीएसटी त्यावर वेगळा. आठ वर्षांपुढील व्यावसायिक गाडीला पासिंग दरवर्षी करावे लागते. टायर सहा. त्याशिवाय चालकाचा पगार, आणि गाडी जुनी होत जाते तसे फिटनेसचे शुल्कही वाढत जाते, म्हणजे २०२८ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तरी या गाडीचा विचार नव्याने करावा लागेल. आम्हाला ज्या देणग्या मिळतात त्यांतील बहुतेक मुलांच्या जेवणासाठी किंवा शिक्षणासाठी म्हणून येतात. "क्लच प्लेटसाठी" असे लिहून कोणी धनादेश पाठवत नाही. आमच्या परिसरातील एका संस्थेच्या आवारात दानात मिळालेली एक मिनीबस कडुनिंबाखाली उभी आहे. पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी पैसे नव्हते, मग पासिंग संपले, मग विमा संपला, आणि दात्याचे मन दुखू नये म्हणून ती विकताही येत नाही. तिच्या बाजूवर दात्याच्या कुटुंबाचे नाव अजून वाचता येते.

म्हणून माझी सूचना अशी की आपण त्यांना विचारावे, महिन्यातून किती वेळा गाडी भाड्याने घेता आणि त्याचे किती देता. भाड्याच्या पावत्या त्यांच्याकडे असतीलच. वर्षाचे भाडे वरील खर्चापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर गाडी द्या. कमी असेल तर वडिलांना समजावून गाडी विका आणि ती रक्कम "मालवाहतुकीसाठी" असा उल्लेख करून द्या. वडिलांची इच्छा त्यातही पूर्ण होते. गाडी दिलीत तर दानपत्रात एक वाक्य अवश्य घाला की संस्थेला गरज उरली नाही तर ती गाडी विकून रक्कम त्याच कामासाठी वापरू शकेल. या एका वाक्याने त्यांचे ओझे निम्मे होते. आणि गाडीवर नाव रंगवण्याची अट घालू नका.

संस्थेच्या बाजूने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचा पॅन, ठराव आणि सही करण्याचा अधिकार कोणाला ते दाखवणारे पत्र मागून घ्या. नव्या मालमत्तेची नोंद करण्यासाठी कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज देण्याची जबाबदारी त्यांची आहे. ते त्यांना ठाऊक आहे की नाही, यावरूनही संस्थेचा कारभार कळतो.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. वसतिगृहाला मालवाहू गाडी मिळाली की सहल, क्रीडास्पर्धा, जत्रा यांसाठी मुलांना मागे बसवण्याचा मोह होतोच होतो. मालवाहू गाडीच्या डब्यात बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे, आणि बंद डब्यात तर आतल्या मुलाचा आवाजही चालकाला ऐकू येत नाही. हे संस्थाचालकांना तोंडी सांगू नका, लिहून द्या.

चांदूरबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. कुटाराचा मुद्दा वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते हसले आणि "हे मले आधीच समजाले पाहिजे होते" म्हणाले. गोरक्षणाला आम्ही गाडीऐवजी ढेपेची पोती देणार आहोत. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी गेल्या वर्षीच्या भाड्याच्या पावत्या पाठवल्या आणि त्यांची बेरीज विमा, पासिंग व साधारण दुरुस्ती यांपेक्षा बऱ्यापैकी जास्त आहे. वाहनचालक त्यांच्याकडे आहे, तो पूर्वी परतवाड्याला ट्रकवरच होता. बँकेकडे नमुना ३५ साठी अर्ज दिला आहे आणि चलाने भरली आहेत.

आता एकच शंका उरते. केबिनमधील रबरी मॅट उचलून पाहिली तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून दोन ठिकाणी बोट जाईल एवढा पोखरलेला आढळला, आणि मिस्त्रींच्या मते मागचे ब्रेक लायनरही बदलावे लागतील. हे काम आम्ही करून द्यावे, की तेवढे पैसे संस्थेला देऊन त्यांच्या सोयीने करू द्यावे?

पासिंगवाला

आपणच करून द्या, आणि ताबा देण्यापूर्वी करा. ब्रेकचे काम उधार ठेवून गाडी घाटात पाठवू नये. पत्र्याला वरून तुकडा न चिकटवता गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या, म्हणजे पुढच्या पासिंगला कोणी बोट ठेवणार नाही. बिले संस्थेच्या फाईलला लावा.

फास्टॅग वडिलांच्या बँक खात्याशी जोडलेला असेल तर नावांतर झाल्याच्या दिवशी तो बंद करून संस्थेला त्यांचा नवा घेऊ द्या. विमा कंपनीला हस्तांतरणाचे पत्र संस्थेने १४ दिवसांत द्यायचे असते. क्लेम नसल्याबद्दलची सूट वडिलांची आहे, ती गाडीबरोबर जात नाही. तिचे पत्र मागून ठेवले तर तीन वर्षांच्या आत वडिलांनी दुसरी गाडी घेतल्यास उपयोगी पडेल. आणि परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नव्या मालकाचे नाव दिसल्यावरच किल्ली द्या.

मेळघाट-मुक्काम

किल्ल्या दोन असतील, दोन्ही द्या. स्टेपनी, जॅक आणि टॉमीही गाडीतच असू द्या, सेमाडोहच्या पुढे पंक्चर झाल्यास मागायला कोणी भेटत नाही.